पर्लिनची दोन रिकामी भोकं

यवतमाळ जिल्ह्यात तुम्ही किती शेडं उभी केली, असं कोणी विचारलं की मी हौसेने मोजून दाखवतो. जिनिंगची, गोदामांची, एक मंगल कार्यालयाचं, शिवाय कोंबड्यांची. दिग्रसकडच्या एका जिनिंगचं शेड मात्र मी त्यात धरत नाही. बायकोला त्याबद्दल सांगितलं, तेही अर्धंच. ती अर्ध्यावर विश्वास ठेवूनच गेली. इतकी वर्षं मी हा विषय निघाला की उठून जायचो. आता उठायलाही वेळ लागतो, म्हणून लिहितो.

छप्पर म्हटलं की लोकांना पत्रा दिसतो. पत्रा ज्यावर आवळलेला असतो ती पर्लिन कोणाच्या नजरेत येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली पातळ पोलादी पट्टी झेडच्या आकारात वळवतात आणि छपराचा भार पेलणाऱ्या एका लोखंडी कैचीवरून दुसऱ्या कैचीवर आडवी टाकतात. कैचीला लोखंडी कान जोडलेले असतात, त्या प्रत्येक कानाला पर्लिन चार बोल्टांनी पकडायची. पट्टी किती जाड, दोन पट्ट्यांत अंतर किती, हे मी ठरवायचो. त्यात मुख्य हिशोब वजनाचा नसतो, वाऱ्याचा असतो. वारा छप्पर दाबत नाही, उपटतो.

दिग्रसकडच्या त्या शेडाचा हिशोब मी चारी बाजू बंद धरून काढला होता. काम निम्म्यावर आल्यावर शेठ म्हणाला, पश्चिमेची बाजू उघडीच ठेवा, कापसाच्या गाड्या थेट आत येतील. तीन बाजू बंद आणि एक उघडी असली की वारा आत शिरतो आणि त्याला निघायला वाट सापडत नाही. मग तो छप्पर खालून ढकलतो, आणि वरचा वारा ओढतच असतो. अशा शेडाला पर्लिन जाड तरी लागते किंवा जवळजवळ तरी. मला हे चांगलं ठाऊक होतं. पण माल येऊन पडला होता, हंगाम तोंडावर होता, आणि शेठसमोर ‘पुन्हा हिशोब करतो’ म्हणणं मला कमीपणाचं वाटलं. मी म्हणालो, “चालते. ठेवा उघडी.”

बसवणारा फिटर बोरी अरबचा होता. चाळिशीच्या आतला, बुटका, अंगाने घट्ट, तोंडाचा फटकळ. त्याच्या टोळीतला कोणीतरी एकदा म्हणाला, “मिस्त्री, इतकी पातळ पट्टी टिकन का बे?” त्यावर तो वरूनच ओरडला, “साहेबाचा हिशोब म्हंजे मायच्या हातची भाजी हाय लेका. चाखून पाहाची नसते, गपगार खायाची असते.” सगळे हसले. मीही हसलो.

दोन हंगाम शेड उभं राहिलं. तिसऱ्या वर्षी, कापूस संपत आला असताना, शेठने शेजारी गाड्यांच्या वजनकाट्यासाठी लहान छप्पर काढलं. त्या कामासाठी मी तिथे होतो आणि फिटरही होता. दुपार कलताना पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. “वावधन आलं, वावधन!” असं म्हणत बाहेरचे हमाल पळाले ते नेमके मोठ्या शेडात शिरले. माणूस निवाऱ्यालाच पळणार.

मी शेठच्या ऑफिसच्या दारातून पाहत होतो. आधी कापसाची गंजी उडाली आणि शेडाच्या आत पांढरं वादळ फिरायला लागलं. पत्रे ढोलासारखे वाजू लागले. मग छप्पर वर आलं. खरंच वर आलं, झोपलेल्या जनावराने श्वास भरून घ्यावा तसं फुगलं, आणि मधल्या ओळीची एक पर्लिन पिळवटली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. लोखंड तुटतं तेव्हा ठणकन आवाज होतो, हे फाटत होतं, करकरत, लांबत. एक गेली तशा शेजारच्या गेल्या. पत्रे सुटून आवारात पात्यांसारखे फिरले. एकाने कडुनिंबाची फांदी कापून नेली. एक अख्खी पर्लिन, सहा मीटरची, वर उडून परत आत कोसळली.

वारा पडल्यावर आम्ही धावलो. त्या पर्लिनखाली एक हमाल होता. जस्ताची धार मानेच्या बाजूने खांद्यात उतरली होती. भोवतीचा कापूस रक्त पीत होता, आणि कापूस फार रक्त पितो. त्याचा मोठा भाऊही तिथेच हमाली करायचा. तो गुडघ्यावर बसून जखमेत कापूस कोंबत होता, मूठ मूठ. माणूस कधीच गेला होता, तरी तो कोंबत राहिला.

मग कोणीतरी ओरडलं, “हे पाहा! बोल्टच नाही!”

कडेच्या ओळीत एका कानाला दोनच बोल्ट होते. खालची दोन भोकं रिकामी होती. लोक जमले. मीही पाहिलं, आणि त्याच्या भोवती जे होतं तेही पाहिलं. बाकी सगळ्या कानांवर चारही बोल्ट घट्ट होते. पर्लिनची पट्टी त्यांच्याभोवती कागदासारखी फाटून गेली होती आणि बोल्ट जागचे हलले नव्हते. त्या कडेच्या कानाचे दोन बोल्टसुद्धा सुटले नव्हते. छप्पर मधून गेलं होतं, कडेने नाही. मी मान वळवून उघड्या बाजूकडे पाहिलं. मला सगळं कळलं होतं.

शेठने मला विचारलं, “साहेब, ड्रॉइंगमध्ये किती बोल्ट हायेत?”

मी म्हणालो, “चार.”

तेवढंच. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

मेलेल्याचा भाऊ उठला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते आणि त्यांना कापूस चिकटलेला होता. “बोल्ट इकून दारू पेला का बे तू?” एवढं म्हणून त्याने फिटरच्या तोंडावर ठोसा मारला. मग सगळेच तुटून पडले. शिव्या आईवरून सुरू झाल्या आणि लगेच जातीवर आल्या. फिटर बौद्ध होता, हे त्या दिवसापर्यंत कोणी काढलं नव्हतं. माझ्या जातीवर कोणी गेलं नाही. मी साहेब होतो.

त्याला काट्यापर्यंत फरफटत नेलं. लाथांनी फासळ्या वाजत होत्या. तो दोन्ही हातांनी डोकं झाकून ओरडत होता, “साहेब, सांगा ना यायले! साहेब!” मी एकदा “अरे, सोडा त्याला” म्हणालो, पण ते मलाच ऐकू आलं नसेल. भावाने पर्लिनचा एक तुटका तुकडा उचलला. दोघांनी फिटरचा उजवा हात लोखंडी काट्यावर दाबून धरला. तुकडा तीनदा खाली आला की चारदा, मी सांगू शकत नाही, कारण दुसऱ्या घावाला मी दार लावून घेतलं. बाहेरचा आवाज दाराला अडला नाही.

पोलिसांना मी जबाब दिला की बोल्ट कमी होते. निष्काळजीपणाचा गुन्हा फिटरवर लागला. हात पुढे मनगटातून काढावा लागला. ज्यांनी मारलं त्यांच्यावर काही झालं नाही. पुढच्या हंगामाआधी शेठने नवं छप्पर घातलं. या वेळी मी पर्लिन जाड घेतली आणि दोन ओळींतलं अंतर कमी केलं. दोष बोल्टांचा होता तर पर्लिन काहून बदलली, हे मला कोणीच विचारलं नाही.

“सांगा ना यायले” हे शब्द मला वर्षानुवर्षं झोपू देत नव्हते. मला वाटायचं, त्याला खरं कळलं होतं आणि तो ते माझ्या तोंडून मागत होता. गेल्या उन्हाळ्यात मी दारव्ह्याची बस धरली आणि बोरी अरबला उतरलो. घर सापडलं. अंगणात शेळ्या होत्या. मला ओळखताच तो धडपडून उठला.

“साहेब! या, या. अवं, च्या मांड, साहेब आले!”

मी खाटेवर बसलो. वाक्य तयार होतं, बसमध्ये चारदा म्हणून पाहिलं होतं. पण बोलला तो.

“साहेब, लय वर्सं झाले, तुमाले एक सांगाचं राह्यलं. थे दोन बोल्ट मी चोरले नव्हते. त्या दिवशी बोल्ट सरले, उद्या टाकीन म्हणलं अन् इसरून गेलो. थेच तुमाले वरडून सांगत होतो, यायले सांगा म्हणून, का मी चोर नाही. पण इसरलो तं मीच ना. मायाच्यानं मानूस मेला. तुमचं नाव खराब झालं. तवापासून मी कोन्या छपराले हात लावला नाही. एक ठेकेदार म्हने, नुसता खाली उभा राहून देखरेख कर. म्या नाही म्हणलं. ज्याच्यानं मानूस मेला त्यानं दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर बसवाचं नाही.” मग तो खाली वाकला आणि डाव्या हाताने माझे पाय धरले. “माफ करा मले.”

माझं तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, “जाऊ दे. झालं थे झालं.”

मी त्याला माफ केलं. चहा प्यायलो. बसपर्यंत पोचवायला तो सोबत आला आणि वाटभर हसत बोलत होता.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो, या वेळी काहीही झालं तरी बोलायचं म्हणून. दारात त्याची बायको एकटी होती. त्याला जाऊन दीड महिना झाला होता, छातीत कळ आली आणि गेला. ती म्हणाली, “तुमी येऊन गेल्यावर झोप लागे त्याले, साहेब. पहिलं रातरातभर उठून बसे. तुमी माफ केलं म्हणून सुखानं गेला.”

ती माझ्याकडे उपकाराने पाहत होती. तिला तरी सांगायला हवं होतं. मी हात जोडले, आणि परत आलो.

माझ्याजवळ जे राहिलं ते एवढंच होतं: मिस्त्री, तुये बोल्ट सुटले नव्हते. फाटली थे मायी पर्लिन होती, अन् मले त्याच दिवशी समजलं होतं. तुयाच्यानं कोणी मेलं नाही. मायाच्यानं मेलं. माफ कर मले.