कळलावीची मुळी

कळलावीचं फूल दिसलं की अजून माझा उजवा घोटा आवळल्यासारखा होतो. मी पहिलटकरीण होते. कळा सुरू झाल्या तशी कवठ्याहून शिरूरला न्यायला जीप आली, आणि माझी आत्येसासू ओढ्याकाठच्या बोरींच्या जाळीत शिरली. त्या लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलाखालची नांगरासारखी वाकडी मुळी उकरूनच ती आली. ही मुळी पायाला बांधली की बाई लवकर मोकळी होते, पण बाळ येताच सोडली नाही तर अंगावरून जायचं थांबत नाही, असं आमच्याकडं पक्कं मानत. मी म्हणाले, "आत्या, बांधा, पण दवाखान्यात जायचंच." तिनं जीपमध्येच गाठ मारली. दवाखान्यात सिस्टरनं तिला बाहेर काढलं. बाळ रडलं, तशी ती दार लोटून आत आली. "मावशी, बाहेर व्हा!" सिस्टर ओरडली. "पोरीच्या पायातली मुळी सोडल्याबिगर मी हालायची न्हाई. मग पोलिसात द्या." मी चादरीतून पाय बाहेर काढला. सिस्टरनं कपाळाला हात लावला, पण कात्री तिनंच दिली. बाहेर सगळे मुलगा की मुलगी विचारत होते, आत्यानं मुळी मुठीत घेऊन मला विचारलं, "तू बरी हायस नव्हं?" आता त्याच माझ्या मुलीचे दिवस भरलेत. मुळी विषारी असते, हे मला ठाऊक आहे. ती मी बांधणार नाही. पण दवाखान्यात तिच्या खोलीच्या दारात मी उभी राहणार, आणि मला तिथून कोण हलवतं, ते बघतेच.