माश्यांचा शिरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तसं मी काय सांगायचं बाकी ठेवलंय? — माझ्या फळमाश्या इंदूरहून उडत देवासला जाऊन परत आपापल्या बाटलीत आल्या, हेही सांगून झालंय. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण ही गोष्ट... ही खरी आहे ना, म्हणून जड जाते.

मध्य भारताचं राज्य होतं तेव्हाची. दिगंबर आणि मी एकाच सरांकडे आनुवंशिकी शिकत होतो. त्याच्याकडे दुर्मीळ, पांढऱ्या डोळ्यांच्या फळमाश्या — तीन वर्षं, पिढीमागून पिढी जपलेल्या. पुढच्या शिक्षणासाठी सर एकाचीच शिफारस करणार होते. ती दिगंबरची, हे प्रयोगशाळेतल्या पालीलाही ठाऊक होतं.

दिवाळीला तो गौतमपुऱ्याला घरी निघाला. "भिया, चार दिवस माझ्या पोरी सांभाळ. खाणं शिजवून ठेवलंय. ताज्या बाटल्यांत भर, त्यांना त्यात सोड. बस, इतकंच."

आता — माश्यांचं खाणं म्हणजे काय, ठाऊक आहे? रवा, गूळ, केळं. मंद आचेवर ढवळलेलं. सांगा, तुमच्या घरी याला काय म्हणतात? माझे पणजोबा होळकरांच्या फौजेत हत्तीच्या वाट्याचे रोट एका बैठकीत संपवायचे म्हणे — पण दोष पणजोबांचा नाही. पहिला चमचा मी नुसता चवीला घेतला. दुसरा... शेवटी पातेलं बोटानं पुसलं.

नवं शिजवता आलं असतं. नाही शिजवलं — आळस, दुसरं काय? तिसऱ्या दिवशी 'पोरी' बाटल्यांच्या तळाशी, पाय वर. मग मी सियागंजच्या बाजारात गेलो, पाघळलेल्या गुळाच्या ढेपांवरून फळमाश्या धरल्या — वाघ धरावेत तशा! — आणि बाटल्या भरल्या. साऱ्या साध्या, लाल डोळ्यांच्या.

दिगंबर परतला. भिंगातून बराच वेळ बघत राहिला. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाटलीचं तोंड नीट बांधता येत नाही, बाहेरच्या माश्या शिरतात, आणि म्हणे संशोधन करणार!"

"माझंच चुकलं असेल, सर," तो म्हणाला.

आणि मी? शेजारीच उभा होतो. ज्या तोंडानं सगळं इंदूर डोक्यावर घेतो, ते तेवढं मिटलेलं.

शिफारस मला मिळाली. पुढची खुर्ची, हारतुरे, सगळं तिच्यावरच. तो देपालपुरात शाळामास्तर झाला. तिथंच गेला.

एक राहिलंच. त्या दिवशी, बाटल्या बघायच्या आधी, त्यानं पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला होता — माश्या सांभाळल्या म्हणून, त्याच्या आईनं खास माझ्यासाठी पाठवलेला. गुळाचा शिरा.

तोही मी संपवला.