आवाजाची ओळख परेड

ती केस अजून माझ्या कानात हाय. डोळ्यात कमी, कानात जादा. नावं घ्यायची न्हाईत, म्हून माणसं सांगते. त्या दिवशी ठाण्याच्या अंगणात होते ते असे: आमचे ठाणेदार साहेब, दोन पंच, हळद शिजवणारी एक बाई, तांड्यावरचं एक पोरगं, त्याची माय, वारंगा फाट्यावरचा गॅरेजवाला, एका बड्या जमीनवाल्याचा लेक, आन मी. भिंतीआड तीन मोटरसायकली उभ्या होत्या. जबाब त्यायलाच द्यायचा होता.

आधी माझं सांगते. मी सातवी शिकले. माझा माणूस पोलिसात होता. नाकाबंदीला उभा असताना एका टेम्पोनं त्याला उडवलं. लोकांनी एका ड्रायव्हरचं नाव सांगितलं, त्याला धरलं. तो न्हाई असं कळेपर्यंत खरा टेम्पो कुठल्या कुठं गेला, तो आजवर सापडला न्हाई. पोरगी कडेवर असताना मी अनुकंपावर शिपाई म्हून लागले. जबाब लिवायला ठाण्यातच शिकले. बंदोबस्ताला उभी राहिले, लोकं हसले, घरच्यायनी बोल लावले. रडायला येळ नव्हता. सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. ही केस त्याच्या जरा आधीची.

हळदीचा हंगाम होता. सेनगाव तालुक्यात रोडाला लागून एका शेतात हळद शिजवून राहिले होते. भट्टीवरच्या टाकीचं झाकण काढलं की वाफ निस्ती धुक्यासारखी रोडावर जाते. दिवस मावळायला आला होता. त्या बाईचा म्हातारा सासरा शिजलेल्या हळदीचं टोपलं डोक्यावर घेऊन रोड ओलांडून खळ्याकडं चालला होता. तेवढ्यात वाफेतून मोटरसायकल आली, म्हाताऱ्याला धडकली आन थांबली न्हाई. म्हाताऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला नांदेडला नेलं.

सुनेनं फिर्याद दिली. तिनं सांगितलं, तांड्यावरच्या पोराची ती फटाके फोडणारी गाडी होती, मी बराबर ओळखते. मग आमच्या खबऱ्यानं टीप दिली की तेच पोरगं दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपावर गाडी धून राहिलं होतं. झालं. पोराला आणलं, गाडी जप्त केली.

गाडी स्पोर्ट, जुनी घेतलेली. पोकलेन चालवून त्यानं ती घेतली होती. मोठा सायलेन्सर बसवला होता, हवेचा फिल्टर बी बदलला होता. मधी काही दिवस ती गाडी गावातून गेली की लेकरं दचकून रडायची, म्हशी दावं तोडायच्या. सारी पंचक्रोशी त्याच्या नावानं बोटं मोडायची. म्हून कुणालाच नवल वाटलं न्हाई.

त्याची माय भाकरी बांधून गेटापाशी बसली होती. मला म्हनली, "बाई, त्याचं एसटीत ड्रायव्हर म्हून नाव लागलं हाय. माणूस उडवल्याची केस अंगावर आली तं त्याला स्टेरिंगला कोण हात लावू देईल?"

पोलिसानं मायला वचन देऊ नये. पन जेवताना तेच डोक्यात फिरून राहिलं होतं.

पोराची चौकशी मीच केली. तो उलटं बोलत नव्हता, रडत बी नव्हता. एकच म्हणायचा, "मावशी, माझी गाडी आता फटाके फोडतच न्हाई. चालू करून पाहा."

ही गोष्ट बाहेरच्यायला ठाऊक नसते. जप्त गाडी ठाण्यात कुणी चालू करत न्हाई. चावी पाकिटात घालून लाखेनं सील होते, गाडीला चिठ्ठी लागते, आन ती लिंबाखाली धूळ खात राहते. तसं करनं कायद्याला धरून हाय. पन त्याच्यानं झालं असं की आवाजावरून पोरगं धरलं, आन तो आवाज ठाण्यातल्या एकानं बी ऐकला नव्हता.

मी परत हळदवाल्या बाईकडं गेले. ती हळद पसरून राहिली होती. मी बी खाली बसून पसरायला लागले. इचारलं, गाडी डोळ्यानं पायली का? म्हनली, वाफेत काय दिसतं? माणूस पायला का? न्हाई. मग डोळे मीट, म्हनलं, आन फक्त ऐकलं तेवढं सांग. तिनं हळदीचे हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले.

"आधी गाडी जोरात येऊन राहिली होती. मग एकदम आवाज कमी झाला आन फट, फट, फट. मग धप्प. मग मामाजी वरडले."

"नाव काहून घेतलं मग?"

"दुसरी कुनाची अशी हाय का गावात?"

ती खोटं बोलत नव्हती. ऐकलं तिनं खरंच होतं. त्याला फक्त एक नाव जोडलं होतं.

पोरानं गाडीचं काम वारंगा फाट्यावर करून घेतलं होतं, म्हून दुसऱ्या दिवशी साध्या लुगड्यात मी तिथल्या गॅरेजात गेले. गॅरेजवाला लॅपटॉपवाला माणूस, जिभेचा तिखट. म्हनला, "मावशी, स्कुटी घ्यायची का?" मी ओळखपत्र दाखवलं. मग त्यानं मला स्टूल दिलं, चहा सांगितला. त्यानं जे समजावलं ते मला माझ्या रीतीनं कळलं. मोठा सायलेन्सर आन मोकळा फिल्टर लावला की गाडी हवा जादा ओढते. पन गाडीतला कंप्युटर जुन्याच मापानं पेट्रोल सोडतो. भट्टीला वारा जादा आन सरपन तेवढंच, तसं. मग एक्सलेटर सोडला की सायलेन्सरात फटाके वाजतात. लॅपटॉप जोडून, सायलेन्सरात धूर मोजायची नळी घालून, गाडी पळवून कंप्युटरला नवं माप शिकवावं लागतं. ते झालं की फटाके बंद. तांड्यावरच्या पोरानं ते काम अपघाताच्या बऱ्याच आधी करून घेतलं होतं.

आता मला बाईची फट फट फट समजली. वाफ पाहून गाडीवाल्यानं एक्सलेटर सोडला होता. म्हंजे ज्या गाडीला सायलेन्सर आन फिल्टर नवा, पन माप जुनंच, ती गाडी पाहिजे. तशी दुसरी कुणाची हाय, असं मी इचारलं. गॅरेजवाला चहाच्या कपाकडं पाहत बसला. मी थांबले. चौकशीत गप बसनं हे अर्धं काम असतं, माणसाला शांतता सोसत न्हाई.

शेवटी बोलला. एका बड्या जमीनवाल्याच्या लेकानं सामान बसवलं, कंप्युटरचं मागून पाहू म्हनला आन फटाके फोडत गेला. "आज सकाळीच फोन आला त्याचा. उद्या सकाळी पहिल्यांदा माझंच काम कर म्हने. मावशी, माझं नाव येऊ देऊ नका."

उद्या काम झालं असतं तर ती गाडी बी गप झाली असती. मग तांड्यावरच्या पोराचं खरं कुणी मानलं नसतं. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब म्हनले, कोर्टात आवाज टिकत न्हाई. मी म्हनलं, साहेब, आवाज पुरावा नसू द्या, वाट तर दाखवील. सकाळी लॅपटॉप जोडायच्या आधी पंचासमोर गाडी ताब्यात घेतली.

मग अंगणात ती परेड. माणसाची ओळख परेड करतो तशीच. बाईला भिंतीकडं पाठ करून बसवलं. पंचासमोर सील तोडून चावी काढली. त्या दोघांच्या गाड्यांच्या जोडीला एक हिंगोलीहून आणलेली, तशीच, पन काही न बदललेली. गॅरेजवाल्याला निस्ता मेकॅनिक म्हून बोलावलं, टीप त्याची हे कागदावर घेतलं न्हाई; तो एकेक गाडी चालू करणार, एक्सलेटर पिळणार आन सोडणार.

जमीनवाल्याचा लेक हसून म्हनला, "मावशी, उद्या कुत्रं भुकलं म्हून बी मला धरसाल."

"कुत्र्याला इचारून धरीन, बाबा. आता गप बस."

पहिली हिंगोलीची गाडी. बाईनं मान हलवली, ही नव्हं. दुसरी तांड्यावरच्या पोराची. पिळली, सोडली. भरदार आवाज आला आन मऊ उतरला. बाई म्हनली, ही बी नव्हं. पोराच्या मायनं पदर तोंडाला लावला. तिसरी जमीनवाल्याच्या लेकाची. पिळली, सोडली. फट, फट, फट. बाई उठून उभी राहिली.

"हीच. बंद करा ती."

लेकाचं हसू गेलं. मग साहेबांनी गॅरेजवाल्याला त्या गाडीची पुढची प्लास्टिकची झाकणं काढायला लावली. वरून गाडी धुऊन चकचकीत होती. आत रेडिएटरच्या जाळीत शिजलेली हळद चेंगरून, वाळून बसली होती. म्हाताऱ्याच्या टोपल्यातली. पंचायनी पायली, साहेबांनी पंचनामा लिवला. ते पाहून लेक खाली बसला आन पानी मागितलं. मग त्यानं सारं सांगितलं.

तांड्यावरच्या पोराला सोडलं तव्हा हळदवाली बाई त्याच्यापुढं गेली. म्हनली, तुझं नाव मी घेतलं, बाबा. पोरगं म्हनलं, "काकू, माझ्या गाडीनं गावाला लई तरास दिला. तुमच्या तोंडी माझंच नाव यावं, असाच मी फिरलो." आन मायच्या हातची भाकरी तिथंच पायरीवर बसून खाल्ली.

म्हातारा आता काठीवर चालतो. पोरगं एसटीत हाय. एकदा मी त्याच्या गाडीत बसले, त्यानं आरशात पाहून हात वर केला, बोलला न्हाई. ड्रायव्हरनं चालवताना बोलू नये, ते बराबरच हाय.

मला या केसनं एक शिकवलं. साक्षीदार लबाड क्वचितच असतो. तो खऱ्याला आपल्याकडचं थोडं जोडतो, आन ते थोडं दुसऱ्याच्या लेकराच्या गळ्याला लागतं. चुकीचा माणूस आत बसला की खरा माणूस घरी जाऊन जेवतो. हे मी माझ्या घरात पायलं होतं.

म्हून वाचणाऱ्याला एकच मागनं हाय. कधी जबाब द्यायची पाळी आली तर पायलं ते पायलं म्हना, ऐकलं ते ऐकलं म्हना. नाव आमाला शोधू द्या.