तांदळाऐवजी वाट्या

डोंबिवलीच्या बाजारात आजवर जेवढे दुधी विकले गेले असतील, त्यातले निम्मे माझ्या मामीने शिजवले आणि जेवणाऱ्याला त्यातल्या एकाचाही पत्ता लागू दिला नाही, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. तिच्या हातात पडलेला दुधी हा दुधी म्हणून कधी ताटात यायचाच नाही. तो मुटके व्हायचा, थालीपीठ व्हायचा, ताकातलं भरीत व्हायचा, आमटीतले गोळे व्हायचा, आणि एकदा तर लग्नघरातल्यासारखी वेलचीबिलची लावून खीर होऊन आला. मी दोन वर्षं तिच्याकडे जेवले. त्या दोन वर्षांत मला काय वाढलं गेलं, हे मला अजूनही नीटसं सांगता येत नाही. पण आईला फोनवर मात्र मी सगळं सांगत असे, आणि नको तेवढं सांगत असे. त्याचीच ही हकिकत आहे.

मी गावाहून फार्मसीच्या डिप्लोमासाठी आले तेव्हा मामाच्या कंपनीला टाळं लागून दोन महिने झाले होते. एमआयडीसीतली रंगाची कंपनी, मामाने सगळी नोकरी तिथेच केलेली. टाळं लागल्यावर तो रोज सकाळी दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचा. मामी शिलाईचं काम घ्यायची, त्यावर घर चाललेलं. माझा मामेभाऊ ओंकार तेव्हा नववीत होता. एका दुपारी जेवताना तो सहज म्हणाला, "आई, काल पण दुधीच खाल्लेला ना आपण?" त्याच्या मनात काही नव्हतं. मामाने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि शर्ट घालून बाहेर पडला, तो दिवेलागणीलाच परतला. रात्री भूक नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मामीने मला ओट्यापाशी बोलावलं आणि दुधी किसता किसता खालच्या आवाजात सांगितलं, "हे बघ, घरात ओढाताण आहे हे पोराला कळलं तरी चालेल. पण ते ताटात दिसलं, तर तुझा मामा जेवायचा थांबेल. माणूस एकदा जेवायचा थांबला की मग सगळंच थांबतं. तू कुठे बोलायचं नाहीस. गावाला तर नाहीच नाही. तिकडे सगळ्यांना तोच देत आलाय आजवर."

त्या दिवसापासून मामीने नियम केला, की एकदा केलेला पदार्थ महिनाभर पुन्हा करायचा नाही. भाजी कुठलीही असो, म्हणजे बहुतेक जी सगळ्यात स्वस्त असेल तीच असो, तिचा अवतार नवा पाहिजे. या बाबतीत तिची काही ठाम मतं होती. "चौकोनी चिरला तर तो दुधी. किसला की तो कोणीही होतो," हे त्यातलं पहिलं. पदार्थ भाजीने बदलत नाही, फोडणीने बदलतो, हे दुसरं. म्हणून एक दिवस जिरं, एक दिवस मेथीदाणे, एक दिवस नुसता ठेचलेला लसूण. आमटीत पाणी घालून माणसं जेवू घालणाऱ्या बायकांबद्दल तिला फारसा आदर नव्हता. "पाण्याने वाटी भरते, पोट नाही. त्यापेक्षा चार वरणफळं सोडावीत," असं ती म्हणायची आणि कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून उकळत्या वरणात सोडायची. दोडक्याच्या शिरा, कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचे दांडे, कलिंगडाचा लाल भाग संपल्यावर उरणारा पांढरा गर, यातलं काहीही तिच्या घरातून बाहेर गेलेलं मी पाहिलं नाही. कचऱ्याची गाडी आली की शेजारणी बादल्या घेऊन धावत, मामीच्या बादलीत चहाचा चोथा आणि मी खाल्लेल्या पेरूचा देठ. चोथाही कढीपत्त्याच्या कुंडीत का घातला नाही, म्हणून मीच ओरडा खाल्लेला आहे.

जेवायला बसताना मामा रोज विचारायचा, "आज दुधी नाही ना?" मामी तितक्याच शांतपणे सांगायची, "छे हो, मुटके आहेत." हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. मामा मान हलवून जेवायला लागायचा, आणि तो दुसरा घास घेईपर्यंत मामीच्या हातातला डाव हवेतच असायचा. तो डाव खाली आला की आम्ही सगळे जेवायला मोकळे होत असू.

बाजारात ती एकटी जायची नाही, मला पिशवी धरायला न्यायची. तिची भाजीवाली खाडीकडच्या गावातून यायची, तोंडाने मोठी फटकळ. मुळ्याचा नि नवलकोलचा पाला लोक तोडून तिच्याच पाटीत टाकून जात, तो मामी निवडून घ्यायची. एकदा त्या बाईने कमरेवर हात ठेवून विचारलं, "काकी, रोज पाला नेतंस, म्हशी पाळल्यास काय गो?" मामी पाला झटकत गंभीरपणे म्हणाली, "तीन आहेत. एक शाळेत जाते, एक कॉलेजात आणि एक पेपर वाचते." भाजीवाली आधी बघतच राहिली आणि मग तिने न मागता पालेभाजीची एक जुडी वर टाकली. मामीने ती परत ठेवली. दोघींची त्यावरून चांगली पाच मिनिटं जुंपली. शेवटी जुडी घरी आली, पण पुढच्या खेपेला मामीने त्या बाईच्या मुलीचा फ्रॉक उसवलेला होता तो नेऊन शिवून दिला, तेव्हाच तिला चैन पडलं.

दर रविवारी आईचा फोन यायचा. लेक दुसऱ्याच्या घरी असली की आयांना एकच प्रश्न सुचतो. "काय जेवलीस गं?" मी सांगायला लागले की मामी शिलाई मशीन थांबवून कान द्यायची आणि मध्येच हळूच सुचवायची, "दुधीची साल म्हणू नकोस. नुसती चटणी म्हण." सुरुवातीला मी तेवढंच करायचे. पण पुढे मलाच त्यात गोडी वाटायला लागली. गावातून मुंबईकडे आलेली मुलगी, घरी मिरवायला काहीतरी हवंच होतं. शिळ्या पोळ्या कुस्करून, गूळ घालून केलेला लाडू मी आईला गव्हाचा लाडू म्हणून सांगितला, वर तूप माझ्या पदरचं घातलं. काड्यांच्या वड्या झाल्या कोथिंबीरवड्या. भाताच्या उरलेल्या ढेकळांची धिरडी झाली डोसे. आई गावात जिला तिला सांगायची, वहिनीकडे एक पदार्थ महिन्यात दोनदा होत नाही. यातलं शेवटचं वाक्य तेवढं शब्दशः खरं होतं.

याचा परिणाम व्हायचा तो झालाच. टिटवाळ्याच्या गणपतीला जाणारी गावाकडची माणसं आधी कल्याणला उतरून कुठेतरी मिसळ खाऊन पुढे जात असत. आता ती वाट वाकडी करून डोंबिवलीला जेवायला येऊ लागली. "म्हटलं, वहिनीच्या हातचं खाऊन जावं," असं म्हणत एका मंगळवारी सहा जण दारात उभे राहिले. मामीने हसून पाट मांडले. चौघांच्या वरणात तिने दहा जणांची वरणफळं सोडली, पाल्याची भाजी डाळीचं पीठ पेरून वाढवली, आणि पाहुणे ढेकर देत उठले. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही ताकभात खाल्ला. मामीने त्यात आलं किसून घातलं आणि त्याला काहीतरी नाव दिलं.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या शेतातल्या नव्या तांदळाची एक गोणी मामाकडे आली. माझ्या खाण्यापोटी आईने ती पाठवली होती, आणि त्या घराचा वर्षाचा भात बराचसा तिच्यावर निघाला. माझ्या दुसऱ्या वर्षी मामीने तांदळाचा मोठा डबा घासून उन्हात वाळवला, तळाला कडुलिंबाचा पाला पसरला आणि वाट बघत बसली. गावाहून आलेल्या माणसाने मात्र एक खोका आणला. त्यात काचेच्या सहा वाट्या होत्या, निळ्या फुलांच्या, भुशात नीट रचलेल्या. सोबत आईची चिठ्ठी. "वहिनी, तुझ्याकडे रोज इतके प्रकार होतात, वाट्या पुरत नसतील. आमचा जाडा तांदूळ तुम्हा लोकांना आता काय आवडणार, म्हणून यंदा पाठवायला लाजच वाटली. हे गोड मानून घे." मामीने चिठ्ठी दोनदा वाचली. मग एकेक वाटी पदराने पुसून फळीवर लावली. "छान आहेत गं. वन्संना आवड आहे," एवढंच म्हणाली. डब्यातला पाला तिने काढून टाकला. ती काही टाकताना मी पहिल्यांदाच पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा भात बंद झाला आणि ज्वारीची भाकरी सुरू झाली. भात रात्री जड पडतो, असं मामीने सगळ्यांना सांगितलं. मला ती भाकरी गिळता येत नव्हती. माझ्या पदरच्या तुपाने त्या घरातला भात गेला होता.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आई पडवीत तीळ पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, "आई, त्या लाडवात शिळ्या पोळ्या होत्या." तिचं सूप थांबलं. "आणि वड्या?" "काड्यांच्या." "कधीपासून?" "मी गेले तेव्हापासून. मामा घरीच आहे." आईने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तिने सांगितलं नाही ते मी समजू शकते. तू मला चढवून का सांगितलंस?"

आठवड्याच्या आत आई तांदळाची गोणी आणि कुळथाची पिशवी घेऊन डोंबिवलीत हजर झाली. मामीची त्रेधा उडाली. घरात एक दुधी होता. पण वन्सं पहिल्यांदा राहायला आलेल्या, त्यांनी पाठवलेल्या वाट्या रिकाम्या कशा ठेवायच्या? तिने सहाच्या सहा भरल्या. आई एकेक वाटी चाखत होती. ताटातली तीळ लावलेली चटणी तिने बोटावर घेतली आणि म्हणाली, "वहिनी, साल जरा आणखी भाजायची. ह्यांचा पाय मोडला त्या वर्षी मी चार महिने हेच केलंय." मग वाट्यांवरून नजर फिरवून तिने अगदी कौतुकाने विचारलं, "सगळा एकच दुधी ना गं?"

आईला बिचारीला घरातला नियम ठाऊक नव्हता. मी सगळं सांगितलं होतं, मामाचा घास तेवढा सांगायचा राहिला होता. ओंकार ताटात बघत बसला. मामीचा हात डावासकट थांबला आणि तिचा चेहरा असा झाला, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मामाने समोरची वाटी उचलली, संपवली आणि शांतपणे म्हणाला, "एकच आहे. कालही तोच होता. दिवसभर घरातच असतो मी, सोलताना ऐकू येतं."

मामी बघतच राहिली. "मग रोज विचारायचात कशाला, दुधी नाही ना म्हणून?"

"तू छे म्हणायचीस. ते ऐकलं की जेवण जायचं."

त्याने वाटी पुढे केली, आणखी वाढ म्हणून. मामीने वाढलं नाही. तिने डाव पातेल्यात ठेवला आणि आईच्या शेजारी, भिंतीला टेकून, जमिनीवरच बसली. "दमले हो मी, वन्सं," ती म्हणाली. आई उठली आणि तिने भावाला वाढलं.

आई आठ दिवस राहिली. तिने मामीला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. आठही दिवस दोन्ही वेळा भात आणि कुळथाचं पिठलं, दुसरं काहीही नाही. ओंकारनेसुद्धा तक्रार केली नाही. मामी दुपारची झोपायची. दोन वर्षांत मी तिला दिवसा झोपलेली पाहिली नव्हती. मी भांडी लावताना आवाज केला की मामाच वर्तमानपत्राआडून हात करायचा, हळू म्हणून.

पुढे मामाला भिवंडीकडे एका गोदामात काम मिळालं. ओंकार आता कमावतो, फोनवरून जेवण मागवतो. मामी ते डबे उघडते, कोफ्त्याचा एक तुकडा मोडून बघते आणि म्हणते, "यात पण दुधीच आहे रे." मी ठाण्याला राहते, महिन्यातून एखाद्या रविवारी तिच्याकडे जेवायला जाते. ती अजूनही चार प्रकार करते. पहिला घास घेतला की तोंडावर येतं, मामी, काय छान झालंय. पण मी ते जरा मागे ठेवते. ते कौतुक तिला केवढ्याला पडलं, हे मी पाहिलेलं आहे. आधी म्हणते, तू बस, मी वाढते. ती बसत नाही. हल्ली फक्त एवढं झालंय, की मी तसं म्हटलं की ती हातातलं ठेवते आणि थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहते.