सापाचं गाव अन् लेकींचं माहेर

मी सिद्धराम. लोहा-अहमदपूरच्या पट्ट्यात ॲम्ब्युलन्स चालवतो. शिकलेल्या माणसावर माझा भरवसा कमीच. त्यांना नकाशात रस्ता दिसतो, मला खड्डे. पण धम्मप्रियाचं सांगतोच.

ही आमच्या हापिसातली आकडेवाली. आवाज बारीक, हट्ट लई मोठा. दोन सालामागं तिच्या आईला, सरजाबाईला, उमरवाडीच्या रानात सोयाबीन काढताना साप चावला. गाडी लांब उभी असायची, मला पोचायला दीड तास लागला. बाई वाचली, पण पाय कायमचा अधू झाला. तवापासून पोरीनं एकच धरलं: जिथं जास्त साप चावतेत तिथंच गाडी उभी राहायला पाहिजे.

बसली कम्प्युटरपुढं. प्रोग्रामचं नाव काय, तर 'आर'. एकच अक्षर! बारशाच्या बायका घुगऱ्या खाऊन पळाल्या वाटतं. त्यात तिनं सगळ्या मुलखावर षटकोनांची जाळी टाकली. हर खणाला नंबर दिला, अन् केसपेपरवरचं गाव बघून तीन सालांचे सर्पदंश ज्या त्या खणात टाकले. जितके दंश जास्त तितका खण लाल, एकबी न्हाई तो पांढरा.

मी म्हणलं, "हे मधाचं पोळं कशाला? चौकोन काय वाईट?"

"सिद्धराममामा, चौकोनाचे चार शेजारी भिंतीला भिंत लावून, अन् चार नुसते कोपऱ्याला, म्हंजे लांब. षटकोनाचे सहाही सारखेच जवळ."

"नशीबवान हाय. मला एक शेजारी धड न्हाई."

सगळ्यात लाल खण निघाला सावरवाडीचा. साहेबानं ठरवूनबी टाकलं, सोमवारपासून गाडी तिथं. माझं डोस्कंच फिरलं. "अगं, तीन सालांत सावरवाडीहून मी एक सर्पदंश उचलला न्हाई! सगळे उमरवाडीचे. आग लाव तुझ्या पोळ्याला!"

ती रडवेली झाली, पण खुर्चीवरून हालली न्हाई. आधी आईचीच नोंद काढली. आई सावरवाडीच्या खणात! लगेच घरी फोन लावला.

"आई, दवाखान्यात गाव कोणतं सांगितलंस?"

"खिडकीतला म्हणला, कुठली हायेस गं बाई? म्हणलं, सावरवाडीची. माहेर हाय माझं, खोटं सांगू का?"

घ्या! सावरवाडीत साप न्हवतेच, लेकी होत्या. निम्म्या उमरवाडीला दिलेल्या. प्रत्येकीनं खिडकीत माहेर सांगितलं, अन् पोळ्यानं ते इमानदारीनं लिहून घेतलं.

शनिवार-रविवार आम्ही दोघं एकेका बाईला फोन लावत बसलो. मी पहिलीला इचारलं, "साप कुठं चावला?" ती म्हणली, "पायाला." धम्मप्रियानं माझ्या हातातला फोन हिसकावला. मग सवाल एकच: "कोणाच्या रानात होतीस?" सोमवारी लाल खण उमरवाडीवर सरकला, गाडीबी तिथंच लागली. गुरुवारी उमरवाडीच्याच लक्ष्मम्माला रानात साप चावला. अकरा मिनिटांत पोचलो, राव! आज ती दोन पायांनी तुरीत चालायलीय.

पोरीनं आईला नवा नकाशा दाखवला. सरजाबाई खूष होईल वाटलं होतं. तिनं लाल खणाकडं बघितलंच न्हाई. पांढऱ्या पडलेल्या सावरवाडीवर बोट ठेवलं. "माझं माहेर पुसलंस व्हय गं?"

धम्मप्रिया तशीच हापिसात येऊन कम्प्युटरपुढं बसली. मग नव्या केसपेपरात तिनं 'कोणाच्या रानात' घातलं, अन् खाली अजून एक रकाना: माहेर.

साहेबानं इचारलं, "याचं काय काम?"

"काहीच न्हाई," ती म्हणली.

मी म्हणलं, "साहेब, गपगुमान सही करा."