कानबाईसाठी रंगवलेली खोली

सुरतच्या भेस्तानमधल्या आमच्या घरमालकाला मी तोंडावर शेठ म्हणायची. मनात काय म्हणायची ते इथे लिहिता येणार नाही. वरची खोली त्याची आणि तिच्याखालचा गाळाही त्याचाच. खोलीत मी, नवरा आणि सासू राहायचो, गाळ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. दोन्हींचे करार वेगळे, अकरा-अकरा महिन्यांचे, आणि दर नव्या कराराला भाडं वाढायचंच. किती वाढवायचं ते ठरवायची या माणसाची रीत ठरलेली. नवरात्राच्या तोंडावर दुकानात यायचा, माझ्याच स्टुलावर बसून माझाच चहा प्यायचा आणि खुंटीला किती ब्लाउज लटकलेत ते न्याहाळायचा. वर आला की आधी दारातल्या चपलांवर नजर, मग फ्रिजवर. दुकानाचं भाडं गिऱ्हाईक पाहून, खोलीचं आमचा संसार पाहून.

आम्ही मुकाट द्यायचो. जागा बदलली की गिऱ्हाईक मागे येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्या श्रावणात सासूनं लकडा लावला. आम्ही खानदेशातले, आमच्यात श्रावणात कानबाई देवी बसवायच्या आधी घर रंगवतात.

"कानबाई येवानी शे. अश्या काया भितीसमा बसाडशी का तिले?"

भाड्याच्या घराला पदरचा रंग लावणारे वेडे आमच्यासारखे आम्हीच. लूमच्या कारखान्यातून आला की नवरा भिंती घासायला लागायचा. पोपडे काढले, भेगांत लांबी भरली, फिकट पिवळ्या रंगाचे दोन हात मारले. मी दुकान बंद ठेवून खिडक्या रंगवल्या. एवढं करून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण आम्ही शेठला आपणहून दर्शनाला बोलावलं.

आला. कानबाईला हात जोडले, वाटीभर खीर खाल्ली, आणि निघताना भिंतीवरून तळवा फिरवला, बाजारात बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. 

खोलीचा करार संपला तेव्हा त्यानं तिचं भाडं जवळजवळ दीडपट सांगितलं.

"आ तो नवी रूम थई गई, बेन. हवे जूना भाडामां केम चाले?"

"नवी आम्ही केली शेठ. रंग आमचा आहे."

"अने भींत कोनी छे?"

भिंत त्याची, रंग आमचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बोलताना हसत होता, ते मला जास्त झोंबलं.

दोन्ही भाडी आता झेपणार नव्हती. नवऱ्याला विचार करायला वेळसुद्धा लागला नाही. "दुकान सोडी दे. घर ते लागसच ना."

घर लागतं, मान्य. पण दुकान काय मी हौस म्हणून काढलं होतं? त्या गाळ्यात मी पाच वर्षं मान मोडून गिऱ्हाईक जमवलं होतं, तिथं मला लोक ताई म्हणून ओळखत होते. मी हट्टाला पेटले. खोली सोडली आणि कारखान्यामागच्या एका कोंदट खोलीत बिऱ्हाड नेलं. लूमच्या खडखडाटात तिथं एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. सासूनं महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. सामान निघताना शेठ खाली उभा राहून बघत होता. 

तो काय हिशेब करत होता ते कळलं दुकानाच्या कराराच्या वेळी. बाईनं राहतं घर सोडलं पण दुकान सोडलं नाही, म्हणजे दुकानात भरपूर मिळत असणार, असा त्याचा तर्क. गाळ्याचं भाडंही त्यानं सपाटून वाढवलं. मी सही केली. आता जाणार कुठे होते?

भाडं निघावं म्हणून ब्लाउजची शिलाई वाढवली. नवरात्राच्या आधी दुकानाच्याच गल्लीतली एक बाई ब्लाउजपीस घेऊन आली. तिचा नवरा हजीऱ्याला ठेकेदाराकडे मजुरी करतो. मी नवी शिलाई सांगितली.

"दुकानमा केवढी गर्दी शे तुन्ह्या," ती म्हणाली. "तरी वाढाडी?"

मी तिला भाड्याचं सांगायला लागले, पण तिला ते ऐकायचं नव्हतं. तिनं कापडाची नीट घडी केली आणि पिशवीत घातली.

"ऱ्हाऊ दे ताई. यंदा जुनंच घालसू."

मी तिला थांब म्हटलं नाही. जुन्या शिलाईत शिवते असं म्हणू शकत नव्हते, महिना भरत आला होता आणि शेठचं भाडं द्यायचं होतं.