लेसीआत्या आणि जत्रेचा मंच

...तर खेचरांची गाडी जत्रेच्या फाटकाशी थांबली आणि सगळ्यांच्या आधी लेसीआत्या खाली उतरली, ढोल काखेत धरून. माझे वडील वायली फिडल वाजवायचे, धाकटे हिकमनकाका गिटार, आणि ढोल आत्याचा. पोकळ ओंडका तिनंच कोरलेला, हरणाचं कातडं तिनंच ताणलेलं. आमच्या चोक्टॉ आदिवासींच्या वस्त्यांत कुणाच्या अंगणात नाच ठरला, की मक्याची हंडी चुलीवर चढायच्या आधी निरोप यायचा, "लेसी येतेय ना?" फिडलवाल्याचं नावही कुणी घेत नसे. वडिलांना ते लागायचं. पण आत्यापुढे बोलणार कोण!

मिसिसिपीतल्या गोऱ्यांच्या त्या जत्रेनं आमच्या माणसांना मंचावर प्रथमच बोलावलं होतं. मंचावर कोण वाजवणार हे ठरवणारा पंच म्हणजे बाजारातला एक लठ्ठ दुकानदार. ढोल दिसताच त्यानं हात आडवा घातला. "फिडल चालेल, गिटार चालेल. ढोल नाही. बाई खाली बसेल."

आत्या इंग्रजी ऐकूनच घेत नसे. मग वडील दुभाषे झाले, आणि तिथंच फसले. आमच्या बोलीत फिडल म्हणजे अलेपा, गिटार म्हणजे अलेपा आणि ढोल म्हणजेही अलेपाच, फार तर थोरला अलेपा. बोलता बोलता वडिलांच्या तोंडून निघालं, "अक्का, तो म्हणतो, अलेपा चालेल, पण अलेपा चालणार नाही."

"ऊन लागलं का रे तुला, वायल्या?"

"अगं, थोरला अलेपा नको म्हणतोय तो! आजच्या दिवस ऐक. नाहीतर पुन्हा बोलावणार नाहीत आपल्याला."

"न बोलावू देत! आपल्या अंगणांना काय कुलपं लागलीत?"

हिकमनकाका मान खाली घालून उगाच गिटारच्या खुंट्या पिळत बसले. आत्या मात्र तरातरा पायऱ्या चढली, मधल्या खुर्चीत ऐसपैस बसली आणि ढोल मांडीवर घेतला. झाडाखाली उभ्या आमच्या माणसांतून कुणीतरी अशी आरोळी ठोकली, की खेचरं बुजली.

पंच लालबुंद झाला. "ए वायली, तुझ्या बहिणीला उतरायला सांग!"

वडिलांनी सांगितलं, म्हणजे सांगितल्यासारखं केलं. तोवर तेही पायऱ्या चढून तिच्या शेजारी पोचले होते. आत्यानं ढोलाची काठी उचलली. तिचं उत्तर शब्दाला शब्द असं:

"त्याला म्हणावं, थोरल्याला बाहेर ठेवून धाकट्यांना आत घ्यायची रीत आमच्यात नाही. मला काढायचं तर खुर्चीसकट उचल म्हणावं. आणि तो उचलेपर्यंत, वायल्या, तू सुरू कर!"